उद्घाटनाच्या आधीचे पंधरा दिवस

जानेवारी उजाडला की सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मार्गावरचे खड्डे बुजवले जातात. होम मैदानावर गड्डा जत्रेचे पाळणे उभे राहतात, तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळ्याची तयारी सुरू होते. आणि गावातल्या प्रत्येकाला नेमकं ठाऊक असतं की कुठल्या रस्त्यात खरंच खडी पडली आहे आणि कुठे नुसतं डांबर फासलंय. बाहेरगावचा पाहुणा शोभेचं दारूकाम बघून परत जातो, त्याला यातलं काही कळत नाही. देशांनी भरवलेल्या मोठ्या क्रीडास्पर्धांकडे पाहताना हीच गावकऱ्याची नजर वापरायला हवी. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. तिथे पाहुणा कॅमेरा घेऊन पंधरा दिवस आधीच येऊन बसतो.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण उघड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीचं इरादापत्र भारताने ऑक्टोबर २०२४ मध्येच दिलेलं आहे. ‘देशाची प्रतिमा उंचावेल’ हे वाक्य पुढची दहा वर्षं आपल्या कानावर पडत राहणार. ते कधी खरं ठरतं आणि कधी उलटतं, हे तपासायला भरपूर इतिहास हाताशी आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. ऑलिंपिक किंवा फुटबॉल विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क यजमान देशाचे नसतात. ते ऑलिंपिक समिती किंवा फिफा विकते. ऑलिंपिकमध्ये यजमानाच्या हाती तिकिटं, देशांतर्गत प्रायोजक आणि समितीने दिलेला वाटा येतो. यजमान शहराच्या करारानुसार तूट आली तर ती यजमानानेच भरायची. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी १९६० पासूनच्या ज्या ज्या ऑलिंपिकचा खर्च मिळाला तो तपासला, तर एकही स्पर्धा मूळ अंदाजात बसलेली नव्हती. मग देश हे अंगावर का घेतात? कारण जगभरच्या घरांत दोन-तीन आठवडे आपलं नाव, आपले रस्ते, आपली माणसं दिसण्याची सोय दुसऱ्या कुठल्याही मार्गाने होत नाही. जाहिरात पैसे देऊन दाखवावी लागते, स्पर्धा लोक स्वतःहून बघतात.

पण नजर विकत घेताना ती कुठे वळेल हे ठरवायचा अधिकार मिळत नाही, आणि सगळी गडबड इथेच होते. पैसा आणि कल्पकता उद्घाटनाच्या रात्रीवर ओतली जाते. प्रतिमा ठरते ती यजमानपद मिळाल्यापासूनच्या सहा-सात वर्षांत, उद्घाटनाच्या आधीच्या पंधरवड्यात आणि मांडव उतरल्यानंतर.

त्या पंधरवड्याचा हिशेब साधा आहे. माध्यम केंद्र आणि क्रीडाग्राम स्पर्धेच्या आधीच उघडतात. संघांची व्यवस्थापक मंडळी खोल्या ताब्यात घ्यायला येऊन दाखल होतात. हजारो पत्रकार येतात, त्यांना रोज बातमी द्यायची असते आणि खेळ तर सुरू झालेले नसतात. मग बातमी कशाची होणार? नळाची, पलंगाची, संडासाची, ट्रॅफिकची.

दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा हे याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण. यजमानपद नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकातल्या मतदानात मिळालं होतं. हॅमिल्टनला २२ मतं, दिल्लीला ४६. हाती जवळपास सात वर्षं होती. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, ऑगस्ट २०११ च्या अहवालात हेच मांडलं, की हा काळ नीट वापरलाच गेला नाही, मंजुऱ्या रखडल्या आणि शेवटी तातडीच्या नावाखाली कामं दिली गेली. त्या वर्षी पाऊसही मोठा झाला आणि क्रीडाग्राम होतं यमुनेच्या काठावर. २१ सप्टेंबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, २७ जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी वेटलिफ्टिंगच्या सभागृहातलं छताचं पॅनेल खाली आलं. त्याच सुमारास क्रीडाग्रामातल्या घाणेरड्या न्हाणीघरांचे फोटो जगभर फिरले. उद्घाटन होतं ३ ऑक्टोबरला.

प्रत्यक्ष स्पर्धा चांगली झाली. भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदकं मिळवली, पदकतक्त्यात दुसरा क्रमांक आला. थाळीफेकीत कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी तिन्ही पदकं घेतली. नाशिकच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं. हे सगळं आपल्याला आठवतं, कारण ते आपलं आहे. परदेशी वाचकाला आजही ‘दिल्ली २०१०’ म्हटलं की ती न्हाणीघरं आठवतात. त्या मुलींच्या पदकांवर हा अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं, आणि तो कुणा परदेशी वार्ताहराने केलेला नाही.

अशा वेळी नेमकं काय बिघडतं? इमारत उभी राहणं आणि इमारत राहण्याजोगी होणं यांत बरंच अंतर असतं. स्लॅब, रंग, फरशी झाली की फोटोत काम पूर्ण दिसतं. पण पाण्याच्या लाइनला दाब देऊन गळती तपासणं, ड्रेनेज वाहतं करणं, लिफ्ट आणि जनरेटर पूर्ण भारावर चालवून बघणं, आणि किरकोळ दोषांची खोलीवार यादी करून त्या दुरुस्त्या संपवणं ही कामं ठेकेदाराच्या शेपटाशी राहतात. सफाईचा ठेका वेगळा असतो आणि तो इमारत ताब्यात आल्यावरच सुरू होतो. ताबा दोन महिने लांबला की सफाईवाल्याला दोन आठवडे मिळतात. तोपर्यंत तीच न्हाणीघरं बांधकामावरचे मजूर वापरत असतात, कारण साइटवर त्यांच्यासाठी दुसरी सोय केलेलीच नसते. त्या फोटोंमागचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं. मजुरांसाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधणं हा मोठ्या अंदाजपत्रकातला अगदी किरकोळ खर्च आहे.

रशियात सोचीला झालेल्या २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही हेच झालं. पन्नास अब्ज डॉलरच्या वर खर्च सांगितला गेला, आणि पहिल्या आठवड्यात जगाने पाहिलं ते हॉटेलच्या नळातून येणारं पिवळं पाणी आणि एकाच खोलीत शेजारी-शेजारी बसवलेली दोन कमोड. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषकाचं उद्घाटन २० नोव्हेंबरला होतं. स्टेडियमभोवती बियर विकायला १८ तारखेला बंदी घातली गेली आणि दोन दिवस दुसरा विषयच उरला नाही. नियम काय असावा हा त्या देशाचा प्रश्न. तो दोन दिवस आधी बदलणं मात्र प्रसिद्धीच्या दृष्टीने घोडचूक होती. १९६८ च्या मेक्सिकोचं काय सांगावं? २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि १२ तारखेला शांततेच्या नावाने ऑलिंपिक सुरू झालं.

आता त्या आधीच्या वर्षांकडे येऊ. कतारला यजमानपद २ डिसेंबर २०१० रोजी मिळालं. त्या दिवसापासून तिथल्या मजुरांच्या छावण्यांत पत्रकार आणि मानवाधिकार संघटना पोहोचू लागल्या. हा विषय सोलापूरला दूरचा वाटायचं कारण नाही. ज्या तेलंगणातून आपल्या पूर्वभागातली पद्मशाली विणकर घराणी इथे आली, त्याच तेलंगणातल्या करीमनगर-निजामाबादकडून आजही माणसं आखातात बांधकामावर जातात. कतारमधली कफाला पद्धत अशी, की मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येत नसे. दबाव वाढला, २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं कार्यालय दोह्यात उघडलं, २०२० मध्ये ना-हरकतीची अट काढली गेली आणि मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू झालं. स्पर्धा नसती तर हे इतक्या लवकर झालं नसतं, हे मान्य करायला हवं.

पण मृत्यूंचा हिशेब शेवटपर्यंत नीट दिला गेला नाही. स्टेडियमच्या बांधकामावर कामामुळे झालेले मृत्यू ३, असं आयोजक सांगत होते. स्पर्धा ऐन भरात असताना आयोजन समितीच्या प्रमुखांनीच एका मुलाखतीत स्पर्धेशी संबंधित एकूण कामांवरचा आकडा ४०० ते ५०० च्या दरम्यान सांगितला. अनेक तरुण मजुरांच्या दाखल्यांवर ‘नैसर्गिक कारण’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच लिहिलेलं होतं. शवविच्छेदन नाही, म्हणून कामाशी संबंध सिद्ध होत नाही, म्हणून घरच्यांना भरपाई नाही. पन्नास अंशांच्या आसपासच्या उन्हात राबणाऱ्या तिशीतल्या माणसाचं हृदय का थांबतं, हा प्रश्न कागदावर आलाच नाही. मेस्सीच्या खांद्यावर अंतिम सामन्यानंतर घातलेला काळा बिश्त, म्हणजे मानाचा अरबी झगा, हे कतारला हवं असलेलं चित्र होतं, आणि ते चित्र जगभर गेलंही. पण त्याच्या शेजारी हा आकडा कायमचा बसला आहे.

डाग झाकण्यासाठी खेळ वापरण्याला हल्ली स्पोर्ट्सवॉशिंग म्हणतात. शब्द अलीकडचा, उद्योग जुना. बर्लिनला १९३६ चं ऑलिंपिक मिळालं ते १९३१ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्याआधी. नाझींनी ते आयतं उचललं. ऑगस्टच्या त्या दोन आठवड्यांसाठी रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या उतरवल्या गेल्या. त्याच उन्हाळ्यात बर्लिनपासून तासाभराच्या अंतरावर साक्सेनहाउसेनची छळछावणी उभी राहत होती. ग्रीसहून मशाल पळवत आणण्याची प्रथा याच स्पर्धेत सुरू झाली. आज तिच्याकडे आपण निखळ परंपरा म्हणून बघतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ ने हरवलं होतं. त्या वेळी बरेच परदेशी पाहुणे व्यवस्थेचं कौतुक करत घरी गेले. बर्लिनचा डाव तेव्हा साधला, कारण पाहुण्याला दाखवलं त्यापलीकडे जायची सोय फारशी नव्हती.

१९७८ च्या फुटबॉल विश्वचषकात, अर्जेंटिनात, ती सोय मिळाली. लष्करी राजवटीने प्रतिमा सुधारण्यासाठी अमेरिकन जनसंपर्क कंपनी नेमली होती. अंतिम सामना झालेल्या स्टेडियमपासून नौदलाचं छळकेंद्र दोन किलोमीटरच्या आत होतं. अर्जेंटिनाने कप जिंकला. पण बेपत्ता मुलांच्या आया प्लाझा द मायो चौकात फेऱ्या मारत होत्या, आणि फुटबॉलसाठी आलेल्या परदेशी वार्ताहरांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. राजवटीच्या खर्चाने आलेला कॅमेरा त्या आयांच्या कामी आला.

सौदी अरेबियाने यातून एक गोष्ट नेमकी ओळखली आहे. एकदाच होणारी स्पर्धा टीकाकारांना तारीख देते. दर आठवड्याला होणारा खेळ सवय बनतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या गटाने इंग्लंडचा न्यूकॅसल क्लब घेतला, २०२२ मध्ये त्याच निधीच्या पैशावर लिव्ह गोल्फ ही स्पर्धामालिका सुरू झाली, त्याच वर्षअखेर रोनाल्डो अल-नस्र या सौदी क्लबकडे गेला. आयपीएलचा नोव्हेंबर २०२४ चा महालिलाव जेद्दात झाला, ऋषभ पंतची २७ कोटींची बोली तिथेच लागली. आपल्यापैकी किती जणांना त्या दिवशी जागेबद्दल प्रश्न पडला? न पडणं हेच त्या गुंतवणुकीचं फळ. सौदीच्या युवराजांनी २०२३ मध्ये एका अमेरिकन वाहिनीला उघड सांगितलं, की स्पोर्ट्सवॉशिंगमुळे राष्ट्रीय उत्पन्न एका टक्क्याने वाढणार असेल तर मी ते करत राहीन. २०३४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने बोली मागवल्या त्या चार आठवड्यांपेक्षा कमी मुदतीत. उमेदवार एकच राहिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये यजमानपद त्यालाच मिळालं. हा प्रकार मला कतारपेक्षा जास्त घातक वाटतो, कारण छावणीत जाऊन बघायला आता कुणाला निमित्त सापडत नाही.

सगळ्या देशांची धडपड अशी नसते. टोकियोचं १९६४ चं ऑलिंपिक बघा. १ ऑक्टोबरला शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन धावू लागली, १० ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली, आणि ज्योत पेटवली ती अणुबाँब पडला त्याच दिवशी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमा प्रांतात जन्मलेल्या योशिनोरी साकाई या एकोणीस वर्षांच्या धावपटूने. उद्घाटनातलं एकच चित्र लोकांच्या डोक्यात राहतं, हे जपानी संयोजकांनी नीट ओळखलं होतं. युद्धखोर देश ही ओळख पुसायला त्याच्या मागे खरी रेल्वे, खरे रस्ते, खरी शांतता होती. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतही असंच घडलं. स्टेडियमबाहेर तिकीट नसलेल्या लोकांसाठी मोठे पडदे लावले, आणि ‘जर्मन म्हणजे रुक्ष’ हे मत खुद्द पाहुण्यांनीच घरी जाऊन बदललं.

छोट्या प्रमाणावरची कामं तर मला अधिक शिकण्याजोगी वाटतात. रशियाकडून काढून घेतलेलं २०२२ चं बुद्धिबळ ऑलिंपियाड मार्चमध्ये चेन्नईला मिळालं आणि जुलैअखेर मामल्लपुरमला ते सुरूही झालं. साडेचार महिने! हे जमलं कारण बांधायचं फार थोडं होतं. बुद्धिबळाला गवत लागत नाही, ट्रॅक लागत नाही. मोठी सभागृहं, हॉटेलच्या खोल्या, वीज आणि शिस्त लागते. चेन्नईने नेपियर पूल काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगवला, वेष्टी नेसलेला ‘थंबी’ घोडा शुभंकर केला. खर्च बेताचा, पण शहराची आधीपासूनची ओळखच पुढे आणलेली. ओडिशाने २०१८ पासून भारतीय हॉकीला प्रायोजकत्व दिलं, २०१८ आणि २०२३ चे विश्वचषक भरवले. सुंदरगडमध्ये हॉकी आधीपासून होतीच. सरकारने तिला मैदान दिलं. जे मुळात नाही ते उसनं आणायला गेलं की मनौसचं होतं. अॅमेझॉनच्या त्या शहरात चाळीस हजारांचं स्टेडियम बांधलं, २०१४ च्या विश्वचषकाचे चार सामने झाले, आणि नंतर तेवढी गर्दी आणणारा स्थानिक क्लबच नव्हता.

आता आपल्या गावाचं. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर रणजीचा सामना झाला, आणि रणजी ही आपल्या आवाक्यातली पायरी आहे. यापुढे कुणी सोलापुरात राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय वयोगट स्पर्धेची कल्पना काढली, तर खुर्च्या मोजण्याआधी खोल्या मोजाव्यात. सोळा संघ, प्रत्येकी वीस माणसं, अधिक पंच आणि अधिकारी, म्हणजे साडेतीनशेच्या वर माणसं. दोघांत एक खोली धरली तर पावणेदोनशे चांगल्या खोल्या, सलग दहा दिवस, आणि त्याही लग्नसराई सोडून. सरावाला दुसरं मैदान हवं, कारण सामन्याच्या विकेटवर सराव करता येत नाही. आणि पाणी रोज हवं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाहुण्यांसाठी टँकर लावले, तर फोटो टँकरचाच निघेल.

खरी संधी मात्र मैदानात नसून मागावर आहे. समजा २०३० च्या क्रीडाग्रामात ८,००० माणसं राहिली. प्रत्येकाला दोन आंघोळीचे टॉवेल आणि बदलीचे दोन, म्हणजे ३२,००० नग. ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम) धरलं तर एक नग साधारण ४९० ग्रॅमचा, एकूण माल सोळा टनांच्या आसपास. आपल्या यंत्रमागांना हा आकडा काही जड नाही. पण अशा निविदेत भावाच्या आधी पाणी शोषण, धुण्यातलं आक्रसणं, रंगाचा पक्केपणा यांचे प्रयोगशाळेचे दाखले आणि कामगारांच्या हजेरी-वेतनाच्या नोंदी मागितल्या जाऊ शकतात. लंडन २०१२ पासून खरेदीला अशा सामाजिक अटी जोडायची पद्धत रुळली आहे. आणि ऑलिंपिकच्या बाबतीत एक सावधगिरी: माल पुरवला म्हणून पाच वर्तुळं आपल्या लेबलवर छापता येत नाहीत, तो हक्क फक्त प्रायोजकाचा. स्पर्धास्थळी परवानगी नसलेली नावं पट्टी लावून झाकतात. म्हणून पुरवठ्यातून नाव कमवायचं तर ते गुणवत्तेच्या दाखल्यातून आणि पुढच्या ऑर्डरमधून.

नाव कसं टिकतं याचं उदाहरण गावातच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. आजही चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, स्मारक आहे. कुठलाही उद्घाटन सोहळा न करता सोलापूरच्या एका माणसाने भारताची जी प्रतिमा तिथे उभी केली, ती अजून उभी आहे.

मांडव उतरल्यानंतरचा काळ सगळ्यात कमी बघितला जातो. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडलं २००६ मध्ये, तीस वर्षांनी. अथेन्सच्या २००४ च्या मैदानांत गवत वाढलं. उलट पॅरिसचं बघा. २०२४ साठी सेन नदी स्वच्छ करायला जवळपास १.४ अब्ज युरो लावले, पावसाने पाणी गढूळ झालं आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. जगभर टिंगल झाली. पण १९२३ पासून पोहायला बंदी असलेली ती नदी जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी सर्वसामान्यांसाठी खुली झाली. टिंगलीच्या बातम्या मागे पडल्या आणि पॅरिसची पोरं आता नदीत डुंबतात.

अहमदाबादच्या बातम्या वाचताना मी तीन तारखा टिपून ठेवणार आहे. क्रीडाग्रामाचा ताबा ठेकेदाराकडून आयोजकांकडे कधी गेला. प्रत्येक मैदानावर चाचणी स्पर्धा प्रेक्षकांसह कधी झाली. आणि बांधकामावरच्या मजुरांची वस्ती, तिथलं पाणी आणि संडास कधी बांधले. तिसरी तारीख वर्तमानपत्रात सहसा येत नाही. ती विचारावी लागेल.